पाणी टिकलं पाहिजे

आईने परतीचं तिकीट तिसऱ्यांदा पुढे ढकललं, तेव्हा बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते धाकटीला म्हणाले, "ती त्या न्हाणीघराला भुलली आहे."

आई गेली होती ताईच्या बाळंतपणासाठी, तीन आठवड्यांच्या बोलीवर. तिनाचे सात झाले. रोज संध्याकाळी साडेसातला फोन यायचा. त्यात पहिली दोन मिनिटं नातवाची आणि उरलेली अठरा ताईच्या बाथरूमची. हे आकडे अंदाजाने सांगितलेले नाहीत. धाकटीने आठवडाभर मोजले होते. ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि दिवसभर मोजून घरी आली तरी तिचा हात थांबत नसे. घरात तिला मोजपट्टीच म्हणत.

"अगं, उजेड असतो, पण दिवा कुठे आहे ते दिसतच नाही," आई सांगायची. "फरशी संगमरवरी. आणि वरून पाणी पडतं ते असं, की माणसाला वाटतं आपण कुणीतरी आहोत."

"इथे काय वाटायचं तुला?" बाबा विचारायचे.

"इथे वाटायचं, बादली कधी भरणार."

हे खरं होतं. घरचं न्हाणीघर म्हणजे चार पावलांची खोली, त्यात एक गळका नळ, एक दांडी तुटलेली बादली आणि मनात येईल तेव्हा लागणारा दिवा. तीस वर्षांत आईने त्याबद्दल तक्रार केली नव्हती, कारण तुलनेला दुसरं काही पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं होतं. आणि ताईचा आग्रह होता की आईने वर्षभर तिथेच राहावं. तशी तिकडे माणसांची अडचण नव्हती, जावयांची आई तर नातवाला सांभाळायला बॅग भरून बसली होती. पण ताईला स्वतःची आई हवी होती. आई म्हणाली होती, "पुढच्या रविवारी येते, कपडे घेते, मग बघू."

ते "मग बघू" बाबांच्या मनात बसलं. तेव्हापासून ते चहात साखर घालायला विसरू लागले.

"रविवारला नऊ दिवस आहेत," मोजपट्टी म्हणाली. "आपण तसंच बाथरूम इथे करू. तिला कळायच्या आत."

"तसंच? तेवढे पैसे कुठे आहेत?"

"तसं दिसायला तेवढे लागत नाहीत. दिसणं हा प्रकाशाचा प्रश्न आहे."

बाबांना हे वाक्य पटलं असं नाही, पण ते उठून कपाटातलं पासबुक घेऊन आले.

पहिला अडसर इमारतीचे सेक्रेटरी. तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीत एक टेबल, एक शिक्का आणि शिक्क्यापेक्षा जुनी शाईची गादी होती. तोडफोडीच्या परवानगीचा अर्ज त्यांनी चष्मा वर करून वाचला.

"कामाचं कारण?"

"सुधारणा."

"सुधारणेला रकाना नाही. गळती, तडा किंवा वाळवी. यातलं सांगा."

"यातलं काहीच नाहीये, काका."

"मग काम कशाला काढताय?"

मोजपट्टीकडे याचं उत्तर होतं, पण ते आईबद्दल होतं आणि आईलाही रकाना नव्हता.

"गळती लिहा," सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले. "गळती सगळ्यात चांगली. गळतीला कुणी विरोध करत नाही."

"पण गळती नाहीये."

"आज नाहीये."

खोटं निरीक्षण नोंदवणं हे तिच्या शिक्षणात बसत नव्हतं. बराच वेळ पेन हवेत धरून शेवटी तिने "संभाव्य गळती" असं लिहिलं. सेक्रेटरींनी "संभाव्य"वर बोट ठेवलं, मग शिक्का मारला, तो नेमका त्याच शब्दावर बसला. "काम झाल्यावर गळती थांबली की नाही, हे मी स्वतः येऊन बघणार," ते म्हणाले. "नियम आहे."

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. बातमी त्यांच्यापर्यंत शिक्का वाळायच्या आत पोचली होती.

"काहीही कर, पण माझ्या डोक्यावर पाणी नको," काकू म्हणाल्या. "आणि गुलाबी करू नकोस. मी केलं गुलाबी. सकाळी आरशात बघितलं की वाटतं, मला ताप आहे."

गुलाबी तिच्या मनातही नव्हतं. तिने फरशीच्या एका दुकानाच्या मागच्या अंगणात, उरलेल्या मालाच्या ढिगाऱ्यात, संगमरवरासारख्या दिसणाऱ्या चौसष्ट फरश्या शोधल्या होत्या. अडचण एवढीच, की त्या तीन वेगवेगळ्या खेपांतल्या होत्या आणि एकीवरची करडी शीर दुसरीवर पोचेपर्यंत वाट चुकत होती. खरा संगमरवर आणि खोटा यांतला फरक लोकांना दगडावरून कळत नाही, शिरा जुळतात की नाही यावरून कळतो, असा तिचा सिद्धांत होता. म्हणून तिने सगळ्या फरश्या दिवाणखान्यात मांडल्या, शिरांना शिरा जुळवल्या आणि प्रत्येकीवर खडूने क्रमांक घातला. दोन दिवस बाबांना स्वयंपाकघरात जायला चौदापासून एकोणपन्नासपर्यंत चालावं लागलं. एकदा चष्मा सापडेना, तर ते आतून ओरडले, "सदतिसावर बघ गं."

फवाऱ्याचंही तसंच. ताटाएवढा गोल शॉवर स्वस्तात मिळाला, पण गच्चीवरची टाकी फार उंच नव्हती आणि भोकं होती एकशे चव्वेचाळीस. पाणी सोडलं तर प्रत्येक भोकाला एक थेंब आला आणि तो तिथेच लोंबकळत विचार करू लागला. तिने कागदावर गणित मांडलं, बाहेरच्या दोन ओळींची भोकं सिलिकॉनने बुजवली आणि मधल्या भोकांतून पाणी असं सुटलं की बाबा शर्टासकट भिजले. त्यांनी तसंच उभं राहून विचारलं, "तिला आवडेल?"

"आवडेलच," ती म्हणाली. तिला शंका नव्हती. तिच्याजवळ आराखडा होता. आलेखाच्या कागदावर, वरून बघितल्यासारखा: साबणाची वडी कुठे, टॉवेल कुठे, पाणी जायची जाळी कुठल्या कोपऱ्यात, सगळं सेंटिमीटरमध्ये. त्या आराखड्यात एकच गोष्ट नव्हती. पण ती वरून दिसतच नाही.

आता मिस्त्री. मिस्त्री हा तीस वर्षं भिंतींशी बोलून माणसांशी कमी बोलणारा गृहस्थ होता. आराखडा त्याने उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाला, "छान काढलंय." सोमवारी जुनी फरशी फुटली. मंगळवारी नळ्या बदलल्या आणि खाली पाणी झिरपू नये म्हणून जमिनीला लेपाचे तीन हात दिले. अंघोळीला बापलेक खालच्या काकूंकडे जाऊ लागले आणि तापकरी चेहऱ्याने परत येऊ लागले.

बुधवारी दुपारी मोजपट्टी प्रयोगशाळेत असताना मिस्त्रीने घरी फोन केला. तो सामान आणायला गेला होता, मागे दगड कापायचं यंत्र चालू होतं आणि बाबांचा उजवा कान तसाही रजेवर असतो. त्यांनी ऐकलं तेवढं ऐकलं आणि लेकीला कळवलं.

"मिस्त्रींचं काही बरं नाही गं."

"काय झालं?"

बाबांनी आवाज खाली घेतला. "ढाळ. म्हणाले, ढाळाचं बघितल्याशिवाय पुढचं काम करता येणार नाही. दाराकडे का कोपऱ्यात, असं काहीतरी विचारत होते. मला वाटतं बिचाऱ्याला कोपऱ्यात जावं लागतंय."

मोजपट्टीचा जीव कळवळला. ढाळ-जुलाब या विषयात तिचा अधिकार होता. अर्धं आयुष्य ती ज्या जंतूंच्या मागावर होती, ते शेवटी याच मुक्कामी पोचतात. तिने ताबडतोब मिस्त्रीला फोन लावला.

"मिस्त्री, बाबा म्हणाले ढाळाचं."

"हो ताई. त्यावरच काम अडलंय."

"जास्त आहे का?"

"जास्त नाही. जुना आहे थोडा, पहिल्यापासूनचा."

"पहिल्यापासूनचा? आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"त्यात काय बोलायचं? सगळीकडे असतोच."

हा दृष्टिकोन तिला भयंकर वाटला. सार्वजनिक आरोग्याची अशी अवस्था का आहे, ते तिला एका वाक्यात कळलं.

"हे बघा मिस्त्री, तो पूर्ण बंद झाला पाहिजे. थोडासुद्धा चालणार नाही."

पलीकडे यंत्र थांबलं. "थोडासुद्धा नको?"

"अजिबात नको."

"पण ताई, मग पाणी…"

"पाण्याचंच तर सांगते. पाणी निघून जाता कामा नये. पाणी टिकलं पाहिजे. ते सगळ्यात महत्त्वाचं."

मिस्त्रीने पाठ केल्यासारखे ते शब्द पुन्हा म्हटले.

"टिकलं पाहिजे," तो म्हणाला.

"हो. आणि जेवढं जाईल तेवढं पुन्हा भरायचं."

"तीस वर्षांत मला असं कुणी सांगितलं नाही."

"कारण लोक दुर्लक्ष करतात. उद्याचा दिवस सुट्टी घ्या. शुक्रवारी या."

"म्हणजे लेप नीट वाळेल, ते बरोबर आहे," मिस्त्री म्हणाला. "बाकी तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला माहीत."

फोन ठेवून ती पुन्हा कामाला लागली. मन भरून आलं होतं. ज्ञानाचा उपयोग झाला की असं होतं.

शुक्रवारी मिस्त्री आला, तो बाबांना ठणठणीत वाटला. तरीही लेकीच्या सूचनेप्रमाणे त्यांनी दर तासाला त्याला साखर-मिठाचं पाणी नेऊन दिलं. पहिला पेला मिस्त्रीने आश्चर्याने घेतला, दुसरा संकोचाने, तिसऱ्याला त्याने विचारलं, "तुम्ही नाही घेत?" बाबा म्हणाले, "मला गरज नाही." मिस्त्री त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि पुन्हा गुडघ्यांवर बसला. क्रमांकाप्रमाणे फरश्या बसत होत्या, शिरा एकमेकींना भेटत होत्या. संध्याकाळी मोजपट्टी घरी आली आणि दारातच थांबली. चार पावलांची खोली आठ पावलांची वाटत होती. आरशाच्या मागून पिवळा उजेड येत होता आणि दिवा दिसत नव्हता.

तिने बाबांची जुनी पाणसळ आणली. काचेच्या नळीतल्या बुडबुड्यावरून जमीन समपातळीत आहे की नाही ते सांगणारी ती लाकडी पट्टी तिने दारात ठेवली, मध्ये ठेवली, मिस्त्रीने पोत्याने झाकलेला जाळीचा कोपरा सोडून बाकीच्या तिन्ही कोपऱ्यांत ठेवली. बुडबुडा प्रत्येक वेळी बरोबर मध्यावर.

"मिस्त्री, हे काम नाही, ही कला आहे," ती म्हणाली.

"तुम्ही सांगितलं तसं केलं," मिस्त्री म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान नव्हता. हे तिला नंतर आठवलं.

शनिवारी दुपारी फरशीवरचे सिमेंटचे डाग धुवायला तिने एक बादली पाणी ओतलं. पाणी पसरलं. सगळीकडे सारखं पसरलं, कुणावर अन्याय न करता. मग ते थांबलं. तिने आणखी एक बादली ओतली. पाणी जाळीपाशी गेलं आणि बाजूने वळून परत आलं. जाळी एका छोट्याशा ओट्यावर होती, दोन बोटं उंच. पाण्यात मोजपट्टीला स्वतःचं प्रतिबिंब स्वच्छ दिसत होतं, कारण पृष्ठभाग कमालीचा सपाट होता.

मिस्त्री त्याची अवजारं न्यायला आलाच होता.

"हे पाणी जात नाहीये," ती म्हणाली.

"नाही जायचं," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही म्हणालात टिकलं पाहिजे. म्हणून जाळी वर घेतली. दोन बोटांच्या वर चढलं तर जाईल. तेवढी सोय ठेवली आहे मी माझ्या मनाने."

"मी कधी म्हणाले?"

"बुधवारी. ढाळ पूर्ण बंद, थोडासुद्धा नको."

"अहो, ते तुमच्या पोटाचं."

"माझ्या पोटाला काय झालंय?"

आवाज ऐकून बाबाही दाराशी आले. मग मिस्त्रीने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "ताई, ढाळ म्हणजे उतार. पाणी जाळीकडे जावं म्हणून फरशीला देतात तो. आमच्यात ढाळच म्हणतात."

"आणि कोपऱ्यात?" बाबांनी क्षीण आवाजात विचारलं.

"जाळी कोपऱ्यात आहे. मी विचारलं, ढाळ दाराकडून काढू की समोरच्या कोपऱ्यातून." मिस्त्रीला आता एक एक उलगडत होतं. "म्हणजे ते साखर-मिठाचं पाणी…"

"तुमच्यासाठी होतं."

"मला वाटलं, तुमच्यात तसं देतात."

 मोजपट्टीला उतार माहीत होता, उताराचं सूत्र माहीत होतं, कोन काढता येत होता. शब्द तेवढा माहीत नव्हता. चार वर्षांच्या पदवीत, गुणपत्रिकेवरच्या सगळ्या आकड्यांत, हा शब्द कुणी विचारला नव्हता.

"पुन्हा करायला किती दिवस?" तिने विचारलं.

"चार. पण सोमवारनंतर. उद्या माझ्या मेहुण्याकडे स्लॅब आहे."

त्याच वेळी दारात सेक्रेटरी उभे राहिले, काखेत वही घेऊन. ते सरळ न्हाणीघरापाशी आले, आत डोकावले, चष्मा वर केला, खाली केला.

"हे कधी भरलं?"

"वीस मिनिटं झाली," मोजपट्टी म्हणाली.

सेक्रेटरींनी जिन्यातून खाली हाक मारली, "काकू, तुमच्या छताला ओल आहे का?" खालून उत्तर आलं, "नाही, कोरडं ठणठणीत." त्यांनी मान डोलावली आणि वहीत लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं: "गळती पूर्णपणे थांबली आहे. पाणी कोठूनही बाहेर जात नाही." शिक्का मारताना ते म्हणाले, "इतकं चोख काम या इमारतीत पहिल्यांदा बघतोय."

रविवारी सकाळी मोजपट्टीने प्रयोगशाळेतली रबरी नळी आणून जाळीत सायफन लावला. पाणी सुरेख चढलं, सुरेख उतरलं. तिचा आत्मविश्वास निम्म्याहून जास्त परत आला. "आईची अंघोळ होईपर्यंत टिकेल," ती म्हणाली. "मग सांगू."

दहा वाजता आई आली. हातात एकच बॅग. ती तिने दाराशीच ठेवली, चेन न उघडता. बाबा त्या चेनकडे बघत राहिले.

"प्रवासाने अंग आंबलंय," आई म्हणाली. "आधी अंघोळ."

"जा," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

दार लागलं. आत आई एकदा "अगंबाई" म्हणाली आणि मग शांतता. फवाऱ्याचा आवाज सुरू झाला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मोजपट्टीने पंधराव्या मिनिटाला नळीत हवा जाऊन सायफन बंद पडल्याचा घुरघुराट ओळखला. विसाव्या मिनिटाला फवारा थांबला. पंचवीस. तीस. आतून आवाज नाही.

"बरी आहे ना?" बाबा कुजबुजले.

"संगमरवर बघत असेल."

चाळिसाव्या मिनिटाला दार उघडलं. आई केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली. चेहरा लाल आणि शांत.

"उजेड कुठून येतो, ते मी शोधलं नाही," ती म्हणाली. "शोधलं की संपलं असतं. फरशीच्या शिरा तर तिकडेसुद्धा इतक्या जुळत नाहीत. पाणीही तसंच पडतं वरून." ती थांबली. "जातं मात्र कुठे नाही. मी स्टूल घेतलं आणि गरम पाण्यात पाय सोडून बसले. सात आठवडे उभी आहे मी त्या मुलाच्या मागे. पण मला एक सांगा, हे मुद्दाम केलंय का तुम्ही?"

बापलेकीने एकमेकांकडे बघितलं. मग बाबांनी सांगायला सुरुवात केली. कोपऱ्यापर्यंत आले आणि अडखळले, तिथून मोजपट्टीने पुढे नेलं, साखर-मिठापाशी पुन्हा बाबांनी घेतलं. आई आधी गंभीरपणे ऐकत होती. "तुम्ही नाही घेत?" इथे तिचे खांदे हलू लागले. "आमच्यात ढाळच म्हणतात" इथे ती चपलांच्या कपाटावर बसली. टॉवेल सुटला. डोळे पुसत तिने विचारलं, "आणि शिक्कासुद्धा मिळाला?" वही आठवून बाबाही हसू लागले. मोजपट्टीची प्रतिष्ठा दुखावली होती. ती थोडा वेळ तशी राहिली आणि मग तीही बसली.

हसणं ओसरल्यावर बाबा सहज विचारल्यासारखं म्हणाले, "मग? परत कधी निघणार?"

आईने त्यांच्याकडे बघितलं, मग न्हाणीघराकडे. आत दोन बोटं पाण्यात दिवा न दिसणारा उजेड तरंगत होता.

"कसली निघतेय? सात आठवडे नव्हते तर ही तऱ्हा. वर्षभर नसले तर तुम्ही दोघं मिस्त्रीला दवाखान्यात नेऊन टाके घालून आणाल." तिने दाराशी जाऊन बॅगेची चेन ओढली, रबरी चपला काढल्या आणि पायांत सरकवल्या. "या पाण्यात चालायला ह्याच लागणार. ताईला फोन लाव. तिला म्हणावं, सासूबाईंना बोलावून घे."

बाबा उठले आणि चहा करायला गेले. चारही पेल्यांत त्यांनी साखर घातली. माणसं तीनच होती.

फोन लागला. आईने तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"ताई, अगं मला आता महिनाभर तरी इथून हलता येणार नाही," ती म्हणाली. "मिस्त्रींच्या ढाळाचं बघायचंय. मी स्वतः उभी राहिल्याशिवाय ते काही नीट होणार नाही."

पलीकडे पाळण्याची कुरकुर थांबली.

"आई, तू कशाला उभी राहतेस?" ताईचा आवाज काळजीने भरला होता. "आणि त्यांना आधी भरपूर पाणी द्या."

"पाणी भरपूर आहे गं," आई म्हणाली. "तेच तर जात नाहीये."